दोन बोटं उतार

पेन्सिलीनं काढलेल्या निसर्गचित्राचं कौतुक करण्याची एक ठरलेली रीत आहे. माणूस दोन पावलं मागे जातो, एक पाऊल पुढे येतो, डोळे बारीक करतो आणि "हं" म्हणतो. यापलीकडे चित्रकलेतलं मला काही कळत नाही आणि कळतं असा माझा दावाही नाही. मी शाळेत वेळापत्रकं बनवतो. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एका खोलीत एकाच तासाला दोन वर्ग आलेले नाहीत. अशा माणसाला एका चित्रानं सहा आठवड्यांत गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, हे सांगायचं तरी कुणाला?

चित्र माझ्या सासऱ्यांचं. बास्तियान त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर गाई पाळल्या. आयुष्यात त्यांनी हे एकच चित्र काढलं. ऑक्टोबरात मी त्यांना वृद्धनिवासात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कपाटामागून पुठ्ठ्याची नळी काढून माझ्या हातात दिली.

"लिडाची पन्नाशी येतेय," ते म्हणाले. लिडा म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. "तिच्यासाठी आहे. फ्रेम कर आणि लाव. वाढदिवसाला येईन तेव्हा मला भिंतीवर बघू दे."

"तुम्ही काढलंत?" मी विचारलं.

"नेलच्या शेवटच्या हिवाळ्यात. नुसतं बसून काय करणार."

नेल माझी सासू. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ज्या खिडकीतून हे चित्र काढलं ते घरही पाया खचला म्हणून पाडलं, त्याला चार वर्षं झाली. आमच्याकडची जमीन दलदलीची. जुनी घरं तिच्यात हळूहळू खचत असतात आणि लोक त्याविषयी, घरातल्या म्हाताऱ्याच्या बहिरेपणाविषयी बोलावं तितकंच, म्हणजे नाइलाजानं बोलतात. सासरे एकदा चार वाक्यं बोलले की आठवडाभराचा शिधा संपतो, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चित्र असं होतं. एक रेघ, म्हणजे क्षितिज. तिच्यावर नुसता कागद, म्हणजे आभाळ. तिच्याखाली कुरण, पाण्याचा एक चर, एक फाटक, विलोची दोन-तीन झाडं आणि लांबवर टाचणीएवढा चर्चचा मनोरा. अगदी तळाशी एक आडवी पुसट रेघ आणि उजव्या कोपऱ्यात काहीतरी गिरवल्यासारखं. म्हाताऱ्यानं पेन्सिल चालते का ते पाहिलं असेल, असं मी धरून चाललो. मी तयार फ्रेम आणली. तिच्या आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली तळाचं ते सगळं छान झाकलं गेलं, याचं मला समाधानही वाटलं. खिळा भिंतीत आधीपासूनच होता. अशा प्रसंगी खिळा ठोकण्यावरून घराघरांत रामायण घडतं. माझ्या खिळ्यानं काहीही केलं नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी लिडा कामावरून आली. कोट न काढता ती चित्रापुढे उभी राहिली, ती बराच वेळ.

"आमची खिडकी," एवढंच म्हणाली, आणि तिनं नाक पुसलं.

मला धन्य वाटलं. पण वेळापत्रकं बनवणाऱ्या माणसाची नजर वाईट. मी म्हणालो, "थोडं वाकडं दिसतंय का गं?"

"कुठं?" लिडा म्हणाली. "मला तर सरळच दिसतंय."

मी पुन्हा पाहिलं. क्षितिजाची रेघ डावीकडे उतरत होती. चांगली दोन बोटं. आमचा देश सगळा सपाट. आमच्याकडे माणूस कसाही असलेला चालतो, पण क्षितिज सरळ लागतं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम फिरवून रेघ सरळ केली, तेव्हा अर्थातच फ्रेम वाकडी झाली. आता आमच्या गल्लीत खिडक्यांना पडदे ओढण्याची पद्धत नाही. येणारा-जाणारा दिवाणखान्यात नजर टाकूनच जातो, आणि नजर टाकली की मत द्यायला तो मोकळा. त्या एका दिवसात तीन जणांनी घंटी वाजवून फ्रेम वाकडी असल्याचं कळवलं. त्यातला एक तर टपाल घेऊन आलेला होता. मी फ्रेम पुन्हा सरळ केली. मग क्षितिज वाकडं असल्याचं सांगायला ब्लोंक आले.

कोस ब्लोंक म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. अडतीस वर्षं त्यांनी पाणीमंडळात कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजली. निवृत्त झाल्यावर पातळी मोजायचं थांबायला हवं होतं, पण ते थांबलं नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात बोटभर लांबीची, बुडबुड्याची पाणसळ कायम असते. दुसरे लोक चष्मा ठेवतात तशी.

"शेजारी," ब्लोंक दारातूनच म्हणाले, "तीन दिवस बघतोय. आता झोप लागेना."

त्यांनी पाणसळ फ्रेमवर ठेवली. बुडबुडा मधोमध. ती काचेवर क्षितिजाच्या रेघेला लावली. बुडबुडा उजवीकडे पळाला.

"काढलंय कुणी?"

"सासऱ्यांनी. शेतकरी होते."

"म्हणजे आयुष्यभर कुंपणं घातलेला माणूस. तो वाकडी रेघ काढणार नाही." ब्लोंक भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "चित्र बरोबर आहे. भिंत खचतेय."

"पण फ्रेम तर सरळ आहे ना?"

"दोरीला टांगलेली वस्तू स्वतःला सावरते, शेजारी. भिंतीला कुठून सावरता येणार?"

या बोलण्यात कुठंतरी चूक आहे हे मला कळत होतं, पण ती नेमकी कुठं आहे हे सापडेपर्यंत ब्लोंक घरी गेले होते. आणि ब्लोंक घरी जाऊन गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी नगरपालिकेच्या जमीनखचाव कक्षाकडे तक्रार नोंदवली. घर माझं म्हणून नाव माझं घातलं. त्यांच्या दृष्टीनं ही शेजाऱ्याची सेवा होती.

आठवड्यानं पत्र आलं. 'आपण आपल्या घराचा पाया खचत असल्याचं कळवलंत, याबद्दल आभार.' मी कक्षाला फोन केला.

"तक्रार मागे घ्यायची आहे," मी म्हणालो.

"ज्यानं केली त्यालाच मागे घेता येते," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

"मी केलेलीच नाही."

"मग तुम्हाला मागे घेता येणार नाही."

"बरं, मी केली. आता मीच मागे घेतो."

"कारण?"

"पाया खचत नाहीये."

"आपण पायाभरणीच्या कामातले तज्ज्ञ आहात का?"

"नाही. मी वेळापत्रकं बनवतो."

"मग तपासनीस येईल," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे जेवढे लोक तक्रार मागे घेतात, तेवढ्यांची घरं आधी बघावी लागतात. कारण ती खरंच खचत असतात."

आमच्या ओळीत सहा घरं, आणि सहांचा पाया एकच. त्यामुळे तेच पत्र सहाही घरी गेलं. शेवटच्या घरातल्या ओटेन्सबाईंनी घर विकायला काढलेलं होतं. घेणारं जोडपं पडद्यांची मापंसुद्धा घेऊन गेलं होतं, ते पत्राचं ऐकून एकदम विचारात पडलं. ओटेन्सबाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या, कॉफी घेतली, बिस्किट घेतलं.

"मी रागावलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे माझं वाटोळं होतंय, एवढं फक्त तोंडावर सांगावं म्हणून आले."

"अहो, हे सगळं एका चित्रावरून झालं," मी म्हणालो आणि चित्र दाखवलं.

त्यांनी मान डावीकडे कलती केली. "हे?" त्या म्हणाल्या. "यात तर काहीच नाही. एक रेघ आहे, तीही वाकडी." मग त्या रोज येऊ लागल्या. रोज त्या रागावलेल्या नसायच्या.

या सगळ्यात लिडाचं एकच म्हणणं. "चित्राला हात लावू नकोस. बाबा येणार आहेत." तिनं वाढदिवसाची यादी केली होती, तीत केकच्या आधी 'बाबांना आणणे' असं होतं. मी तिला परिस्थितीचं गांभीर्य समजावून सांगायचा प्रयत्न केला. डावीकडे किती उतार, उजवीकडे किती चढ, हे मी तिला मिलिमीटरमध्ये सांगितलं.

"हार्म," ती मला म्हणाली, "त्यात गाई किती आहेत?"

मी वळून पाहायला लागलो.

"न बघता सांग."

"तीन?"

"एकही नाही. हिवाळा आहे, गाई गोठ्यात आहेत. महिनाभर त्या चित्रापुढे उभा आहेस तू."

मला हे लागलं. पण खोटं सांगणार नाही, त्यानंतरही मी त्या चित्रात गाई शोधल्या नाहीत. रेघच बघत राहिलो. एकदा वाकडी दिसलेली रेघ पुन्हा सरळ दिसत नाही, आणि तिच्याखाली काय आहे तेही मग दिसत नाही.

तपासनीस आला तो तिपाई आणि लेझर घेऊन. त्याच्याबरोबर ब्लोंक आले, साक्षीदार म्हणून. ओटेन्सबाई आल्या, रागावलेल्या नाहीत हे सांगायला. खोलीभर तांबडी रेषा फिरली. जमीन सरळ. भिंत सरळ. दाराची चौकट सरळ. फ्रेम सरळ. मग ती तांबडी रेषा चित्रावर आली आणि बास्तियानच्या कुरणाला तिरकी कापून गेली.

"घर एकदम ठणठणीत आहे," तपासनीस म्हणाला. "दोष चित्रात आहे."

"झालं तर," मी म्हणालो. "मिटलं."

"मिटलं कसं? विचलन नोंदवलं गेलं, विचलन सापडलं." त्यानं फॉर्म पुढं केला. "इथं प्रश्न आहे. विचलनाचं कारण दूर झालं आहे का? यात कारण घराचंच असायला पाहिजे असं लिहिलेलं नाही. 'हो'वर खूण झाल्याशिवाय फाइल बंद होत नाही. आणि फाइल उघडी तोवर सहाही घरं यादीत राहणार."

"चित्र काढून ठेवतो आणि पुन्हा लावतो."

"पुन्हा लावणार हे तुम्ही मला आत्ता सांगितलंत," तो खेदानं म्हणाला. "मला ते लिहावं लागेल."

ओटेन्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ब्लोंकनी घसा साफ केला. "शेजारी, कागदच आहे," ते म्हणाले. "तळ रेघेला धरून छाटायचा, बाकीच्या कडा पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जातील. क्षितिज सरळ, फ्रेम सरळ, सासरेबुवा खूश. आम्ही बांध असाच करतो. उंच तिथं छाटायचं."

माझा बचाव एवढाच की त्या खोलीत मी एकटा होतो आणि ते तिघं होते. लिडा कामावर होती. वाढदिवसाला पाच दिवस राहिले होते.

शुक्रवारी मी चित्र घेऊन गावातल्या फ्रेमवाल्याकडे गेलो. हा माणूस सावकाश. त्यानं चित्र फ्रेममधून सोडवलं, टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे गेला, एक पाऊल पुढे आला. "हं," म्हणाला. महिन्याभरात त्या चित्राला मिळालेला तो पहिला "हं".

"छाटायचं? नक्की?"

"नक्की."

"खाली कोपऱ्यात काहीतरी आहे. ते जाईल."

"ते नुसतं गिरवलेलं आहे."

"मऊ पेन्सिल आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं कडक पेन्सिलीनं आणि हे तेवढं मऊ. गिरवायला कुणी पेन्सिल बदलत नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कापलं की कापलं, साहेब."

माझी अर्ध्या दिवसाची रजा होती आणि चार वाजता तपासनीस यायचा होता. मी "कापा" म्हणालो. पट्टीवरून सुरी सरकली, एकदाच. तळाचा तुकडा पाचरीसारखा निघाला, डावीकडे टोकदार आणि उजवीकडे दोन बोटं रुंद. "गिऱ्हाइकाचं मी काही टाकत नाही," असं म्हणून त्यानं तो मला कागदात गुंडाळून दिला. मी तो घरी आणून वाढदिवसाच्या सामानाबरोबर कपाटात ठेवला आणि विसरलो. चार वाजता तांबडी रेषा आणि काळी रेषा एकावर एक बसल्या. 'हो'वर खूण झाली. ब्लोंकनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. ओटेन्सबाई म्हणाल्या की त्या रागावलेल्या नाहीत, आणि या वेळी ते खरं वाटलं.

लिडा घरी आली. चित्रापुढे थबकली.

"काहीतरी वेगळं दिसतंय."

"काच पुसली," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी फार खोटं बोललेलो नाही. एवढ्या छोट्या वाक्यात इतकं खोटं मावतं हे मलाही नवीन होतं.

रविवारी वाढदिवस. आमच्याकडे पन्नाशीला करतात तशी शेजाऱ्यांनी दारात माणसाएवढी बाहुली उभी केली होती, पेंढा भरलेली, लिडाचा जुना कोट घातलेली. आत खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. आमच्याकडे पाहुणा येतो तो सगळ्या खुर्च्यांपाशी फिरून प्रत्येकाचं अभिनंदन करतो. मला बायकोबद्दल अभिनंदन, ब्लोंकना शेजारणीबद्दल अभिनंदन, ओटेन्सबाईंना कशाबद्दल ते न ठरवताच अभिनंदन. मग प्रत्येकाला केकचा एक तुकडा, आणि दुसरा विचारला तर नाही म्हणायचं. मधल्या बुटक्या टेबलावर केक आणि कॉफीच्या किटल्या. ते टेबल वर्षानुवर्षं डुगडुगतं. पण त्या दिवशी ते मेलं खडकासारखं उभं होतं आणि माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नाही.

तीनच्या सुमारास लिडा बाबांना घेऊन आली. बास्तियान चालायचा चार चाकांचा आधार ढकलत, सुटाबुटात, भांग पाडून. त्यांनी कुणाचंच अभिनंदन केलं नाही. सरळ भिंतीकडे गेले. सगळे बघत होते. मी मनातल्या मनात छाती थोडी पुढे काढली. एवढे हाल सोसले ते या क्षणासाठीच.

त्यांनी मान कलती केली नाही. बराच वेळ पाहून म्हणाले, "नीटनेटकं आहे. कुठून आणलंत?"

मला वाटलं, वय झालं. "बाबा, तुमचंच आहे."

"माझं नाही."

"अहो, हे फाटक बघा, हा मनोरा."

"फाटक आमचं आहे," ते म्हणाले. "पण आमच्या खिडकीतून असं दिसत नव्हतं."

ब्लोंकना राहवलं नाही. "आता सरळ केलंय," त्यांनी अभिमानानं सांगितलं. "आधी दोन बोटं उतार होता."

"असणारच," बास्तियान म्हणाले. "घरालाच होता. उजवा कोपरा खचलेला. खिडकीत बसलं की कुरण डावीकडे उतरायचं. लिडाच्या गोट्या सगळ्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसायच्या. पन्नास वर्षं मी ते तसंच बघितलं." आठवड्याचा शिधा केव्हाच संपला होता, पण ते थांबले नाहीत. "आणि नेलचा कप कुठाय?"

"कसला कप?" मी विचारलं.

"खिडकीच्या फळीवरचा. उजव्या टोकाला. कुठंही ठेवला तरी तिथंच सरकायचा. मी तिला काढणार होतो. ती म्हणाली, आता मला नको काढू, केस गेलेत. म्हणून कप काढला."

लिडा माझ्याकडे बघत होती.

"हार्म," ती म्हणाली, "काच पुसली म्हणालास."

मी त्या घरात वीस वर्षं कॉफी प्यायलो आहे. कपात कॉफी एका बाजूला वर चढायची, ते दर वेळी पाहिलं आहे. मला सगळं माहीत होतं. नगरपालिकेला माहीत नव्हतं, ब्लोंकना माहीत नव्हतं, त्या लेझरला माहीत नव्हतं. एकट्या मला माहीत होतं आणि मी कापा म्हणालो.

"तुकडा आहे," मी म्हणालो. "मी टाकलेला नाही. घरातच आहे." मी सामानाच्या कपाटाकडे धावलो. कागद होता, आत तुकडा नव्हता. खोके उपसले, रुमालांची पाकिटं उलटी केली. मागं वळलो तर ब्लोंक उभे राहिलेले, चेहरा पांढराफटक.

"शेजारी," ते म्हणाले, "सकाळी खुर्च्या मांडायला आलो तेव्हा टेबल डुगडुगत होतं. तुमच्या सामानात एक चांगला जाड कागद गुंडाळून ठेवलेला होता. पाचरीसारखाच कापलेला. मला वाटलं, त्यासाठीच आहे."

टेबल हलवायचं तर किटल्या, कप आणि अर्धा केक उतरवायला हवा. पाहुण्यांनी आपापल्या हातात एकेक वस्तू धरली आणि गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांच्या मधोमध मी नव्या पँटनं गुडघ्यांवर बसलो. ब्लोंकनी टेबल उचललं. पायाखालून निघालेला कागद आठपदरी घड्या घातलेला होता. ब्लोंक कुठलंच काम अर्धवट करत नाहीत. मी तो सासऱ्यांना दिला.

त्यांनी खुर्चीवर बसून तो मांडीवर उलगडला. जाड बोटांनी एकेक घडी उघडली. कप होता. लहानसा, कान असलेला, काठाला एक टवका. मी त्याला गिरवणं म्हणालो होतो. आणि त्याच्यावर बरोब्बर मधोमध टेबलाच्या पायाचा चौकोनी वळ उठला होता.

मी म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले.

तेवढंच. रागानं नाही. विचारलं म्हणून सांगितल्यासारखं. मग त्यांनी तुकडा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "ते मोठं राहू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. "नीटनेटकं आहे." आणि मुलीचा वाढदिवस आहे म्हणून केकचा तुकडा खाल्ला. दुसरा विचारला तेव्हा नाही म्हणाले. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं होतं. कॉफी बशांत सांडत होती, आणि ब्लोंक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

त्यानंतर लिडा दोन आठवडे माझ्याशी जरुरीपुरतं बोलली. ती ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एके सकाळी ती कामाला निघता निघता भिंतीपाशी थांबली, तिनं फ्रेमचा डावा कोपरा एका बोटानं खाली ओढला, दोन बोटं. मागे सरून पाहिलं.

"आता सरळ आहे," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून फ्रेम तशीच आहे. ओटेन्सबाईंचं घर विकलं गेलं. नगरपालिकेचं पत्र आलं की फाइल बंद झाली असून यापुढं काही विचलन आढळल्यास दहा दिवसांत कळवावं. ब्लोंक येतात, फ्रेमपुढे उभे राहतात, त्यांचा हात खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो. त्यांनी अजून कुठं काही कळवलेलं नाही. त्यांच्या परीनं ही फार मोठी गोष्ट आहे. टपालवाला मात्र अजून घंटी वाजवतो.

मी दर गुरुवारी अकरा किलोमीटर सायकल मारून वृद्धनिवासात जातो. तो तुकडा सासऱ्यांनी खिडकीच्या फळीवर उभा करून ठेवला आहे, उजव्या टोकाला. तिथली फळी अगदी सरळ आहे, त्यामुळे तो कुठं सरकत नाही. मी समोरच्या खुर्चीत बसतो आणि त्या कपाकडे बघतो. आता मला त्याचा टवका न बघताही सांगता येतो. कानाच्या आत तीन बारीक रेघा आहेत आणि काठाच्या मागे, मी आधी कधीच न पाहिलेली, वाफ आहे. तिच्यावरूनच वळ गेला आहे.

गेल्या गुरुवारी मी धीर केला. "बाबा," मी म्हणालो, "तो फ्रेमवाला फार चांगला माणूस आहे. मी त्याला विचारलंय. दोन्ही तुकडे तो परत एकत्र जोडून देईल म्हणतो. नेऊ का?"

त्यांनी विचार केला. त्यांना विचार करायला वेळ लागतो. मग तुकडा थोडा आपल्या बाजूला ओढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू तो सरळ करशील."